भूभरतीचा मागोवा घेणारे जॉर्ज डार्विन

चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, हे मुंबईकरांना सांगायला नको. पायाखालची जमीनही त्याच ओढीने दिवसातून दोनदा उचलली जाते, हे मात्र सहसा कुणाच्या गावी नसते. ही भूभरती मोजण्यासाठी झटलेले आणि त्यात हात टेकावे लागलेले संशोधक म्हणजे सर जॉर्ज डार्विन.

उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन यांचे हे चिरंजीव. जन्म १८४५ चा. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८६८ मध्ये ते दुसरे आले. वकिलीकडे वळले खरे, पण तिथे रमले नाहीत. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या सूचनेवरून १८८० च्या सुमारास त्यांनी, यंत्ररचनेत निष्णात असलेले धाकटे बंधू होरेस यांच्यासह, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत एक अतिसंवेदनशील लंबक टांगला. चंद्रामुळे ओळंबा ढळतो तो विकलेच्या सुमारे शंभराव्या भागाइतका. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग!

लंबक हलला, पण चंद्राच्या तालावर नव्हे. खोलीत उभ्या माणसाने शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला, तरी फरशीचे झुकणे नोंदले जाई. दिवसा-रात्रीच्या तापमानाबरोबर जमीन कलत असे, आणि संथपणे सरकतही असे. या गोंधळात चंद्राची खूण शोधणे जवळपास अशक्य आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पण ते तिथे थांबले नाहीत. हवेच्या बदलत्या दाबाने भूपृष्ठ किती दबेल, भरतीच्या पाण्याच्या भाराने किनारा किती झुकेल, याचे गणित त्यांनी १८८२ मध्ये मांडले. अपयशी प्रयोगाचे हे फलित प्रयोगाहून मोलाचे म्हणावे लागेल.

मूळ प्रश्नाला त्यांनी वेगळ्या वाटेने हात घातला. जमीन पाण्याइतकीच उचलली गेली असती, तर किनाऱ्यावर भरती दिसलीच नसती. इंग्लंड, फ्रान्स आणि मुख्यत्वे भारतातील बंदरांवरील नोंदींतून पंधरवड्याची भरती तपासून त्यांनी पृथ्वीचा ताठपणा पोलादाच्या तोडीचा ठरवला.

पुढे जर्मनीत पॉट्सडॅमला ऑस्कर हेकर यांनी २५ मीटर खोल विहिरीत, तापमानाच्या चढउतारापासून दूर, लंबक बसवले. तिथे चंद्राची खूण सापडली. पण उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम झुकण्याचे प्रमाण जुळेना. हे नवे कोडे डार्विन यांच्या हयातीतच पुढे आले होते. ७ डिसेंबर १९१२ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.