देवकीनंदन खत्री
देवकीनंदन खत्री (१८६१ – १९१३) हे हिंदीतील तिलिस्मी व ऐयारी कादंबरीचे प्रवर्तक होत. त्यांचा जन्म बिहारमध्ये आजोळी झाला. पुढे ते बनारसला स्थायिक झाले. काशीनरेशांच्या चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. तेथील ओसाड किल्ल्यांच्या अवशेषांतून त्यांना ‘चंद्रकांता’ (१८८८) सुचली असे मानतात. ती वाचण्यासाठी अनेक उर्दू वाचक देवनागरी शिकल्याचे सांगितले जाते. तिचा विस्तार ‘चंद्रकांता संतति’ २४ भागांत प्रसिद्ध झाला. अपुरी राहिलेली ‘भूतनाथ’ पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली.

खत्रींचे ऐयार, म्हणजे बहुरूपी हेर, वेषांतर, बेशुद्धीची पूड व प्रसंगावधान यांच्या बळावर जिंकतात. तिलिस्म म्हणजे गुप्त खजिना राखणारी मायावी वास्तू. पण तिच्या अद्भुतामागेही अखेर कळसूत्रे व भुयारेच निघतात. नीरजा गुलेरी यांच्या दूरदर्शन मालिकेने (१९९४) नौगढ-विजयगढचे वैर व प्रेमकथा ठेवली, मात्र जादू आणि चमत्कारांची भर घातली. अखिलेंद्र मिश्रा यांनी साकारलेला क्रूरसिंह घरोघरी पोहोचला; ऐयारांच्या युक्त्या उलगडण्यातील मूळ गंमत मात्र पडद्यावर पुष्कळशी हरवली.