डॉ. केरी यांची बाग

मृगाचा पाऊस जवळ आला कीं, आपले शेतकरी बंधु राखून ठेवलेलें बियाणें उघडून पाहूं लागतात. बीं शाबूत आहे ना, त्यास कीड तर लागली नाहीं ना, ही काळजी त्या दिवसांत घरोघर असते. अशाच दिवसांत, म्हणजे ९ जून १८३४ रोजीं, बंगालमधील सेरामपूर गांवीं डॉ. विल्यम केरी हे प्रभूच्या विसाव्यांत गेले. पवित्र शास्त्राचें अनेक भाषांत भाषांतर करणारे मिशनरी म्हणून त्यांचें नांव आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. परंतु ते जन्मभर माळीही होते. आणि देवानें बागेंत त्यांस जो धडा शिकविला, तो आपण खेड्यांत राहणाऱ्यांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील हातमागावर कापड विणीत असत. पुढें ते गांवच्या शाळेचे शिक्षक झाले. लहानग्या विल्यमची खोली किडे, पांखरें व झाडपाला यांनीं भरलेली असे. त्यास मोकळ्या रानाची आवड होती. पण उन्हानें त्याच्या अंगाची कातडी बिघडे. म्हणून घरच्यांनीं त्यास जोडे शिवणाऱ्याच्या हाताखालीं ठेविलें. ज्या धंद्यास आपल्या देशांत लोकांनीं हीन लेखिलें, त्याच धंद्यांत बसून या तरुणानें परक्या भाषांचा अभ्यास केला आणि तेथेंच त्यास तारणाऱ्याची ओळख झाली. १७८३ सालीं त्यांनीं नदींत बाप्तिस्मा घेतला. १७९२ सालीं त्यांच्या खटपटीनें एक मिशनरी मंडळी स्थापन झाली आणि ११ नोव्हेंबर १७९३ रोजीं ते सहकुटुंब कलकत्त्यास येऊन पोहोंचले.

पुढचीं वर्षें फार कठीण गेलीं. पैसा लवकरच संपला. पोटासाठीं केरी यांनीं मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर देखरेख पत्करली. १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीनें मरण पावला. पत्नीचें मन त्या दुःखाच्या भारानें ढळलें, तें पुनः कधीं स्थिर झालें नाहीं. ते गांवोगांव जाऊन सुवार्ता सांगत, पण सात वर्षांत बंगाली लोकांपैकीं एकही मनुष्य बाप्तिस्म्यास पुढें आला नाहीं. अखेर २८ डिसेंबर १८०० रोजीं सेरामपूर येथें कृष्ण पाल नांवाच्या सुतारानें हुगळी नदींत बाप्तिस्मा घेतला. सात पावसाळे कोरडे गेल्यावर आठव्यांदा नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचें मन कसें असेल, याचा विचार वाचकांनीं करावा.

सेरामपूर येथें केरी यांनीं सुमारें पांच एकरांची बाग लाविली. पहांटे त्या झाडांमध्यें फिरत ते प्रार्थना करीत; तेंच त्यांचें देवघर होतें. मग दिवसभर भाषांतर व अध्यापन चाले. आपल्या मराठी भाषेवरही त्यांचे उपकार आहेत. त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश छापिला. १८११ सालीं मराठी नवा करार मोडी अक्षरांत प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांचें दारिद्र्य पाहून त्यांनीं १८२० सालीं शेती व बागाईत सुधारण्यासाठीं एक संस्था स्थापिली. मातीची काळजी वाहणें हें आत्म्यांची काळजी वाहण्याहून वेगळें काम आहे, असें त्यांस कधीं वाटलें नाहीं.

परंतु पेरलेलें सर्व हातीं येतेंच असें नाहीं. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागली आणि वर्षानुवर्षें लिहिलेले कागद राख झाले. केरी यांनीं देवापुढें मान लवविली आणि तेंच लिखाण पुनः आरंभिलें. १८२३ च्या ऑक्टोबरांत दामोदर नदीचा बांध फुटून सेरामपूर पाण्याखालीं गेलें. केरी तेव्हां पायाच्या दुखापतीनें अंथरुणास खिळले होते. बागेचा नाश झाला. अनेक वर्षें जोपासलेलीं झाडें गेलीं. पाणी ओसरल्यावर त्या बासष्ट वर्षांच्या वृद्धानें पुनः बीं मागविलें आणि पुनः पेरणी केली.

आतां त्या बागेंतील एका लहानशा फुलाची हकीकत सांगतों. इंग्लंडांतील एका मित्रानें त्यांस बियाणें पाठविलें होतें. तें पेरून झाल्यावर केरी यांनीं रिकामी पिशवीही वायां जाऊं दिली नाहीं. तींतील उरलेली माती त्यांनीं सावलींतल्या जागेवर झटकली. कांहीं दिवसांनीं पाहतात तों तेथें डेझीचें रोपटें उगवलेलें! डेझी म्हणजे इंग्लंडच्या कुरणांत सर्वत्र आढळणारें पांढरें, मध्यें पिवळें असें फूल. मायदेश सोडून तीस वर्षें होत आलेल्या केरी यांस अत्यंत आनंद झाला. इंग्लंडांत तें रोप वर्षानुवर्षें टिकतें. बंगालच्या उन्हांत मात्र तें दरवर्षीं मरून जाई. म्हणून केरी दरवर्षीं त्याचें बीं राखीत आणि पुनः पेरीत.

प्रिय बंधुभगिनींनो, या फुलापासून आपण दोन गोष्टी शिकूं. ज्या उपदेशकास वाटतें कीं, आपण लहानशा वस्तींत चारच माणसांशीं बोललों व आपला दिवस फुकट गेला, त्यानें ती झटकलेली पिशवी आठवावी. लावणें व पाणी घालणें आपलें. वाढविणें देवाचें, हें पौलानें करिंथच्या मंडळीस लिहिलेंच आहे. दुसरी गोष्ट आपल्या घरांतली आहे. आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला म्हणून नातवाच्या मनांत विश्वास आपोआप टिकेल, असें समजूं नये. या देशाचें ऊन कडक आहे. प्रत्येक पिढीसाठीं बीं राखावें लागतें, आणि आईबापांनीं तें प्रार्थनेनें व वचनानें मुलांच्या मनांत नव्यानें पेरावें लागतें.

शेवटच्या आजारांत केरी यांस चालवेना, तेव्हां त्यांस उचलून बागेंत नेत असत. आपल्या मागें बागेंत गुरें शिरतील, ही चिंता त्यांस लागली होती. सोबती मार्शमन यांनीं तिची निगा राखण्याचें वचन देऊन त्यांचें समाधान केलें.

आपल्या सह्याद्रीच्या रानांत कुंभा नांवाचें झाड आहे. केरी यांचे मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनीं त्या झाडाच्या जातीस केरी यांचें नांव दिलें, आणि शास्त्राच्या पुस्तकांत तें आजही त्याच नांवानें ओळखिलें जातें. त्याची साल जाड असल्यामुळें वणव्यांतही तें तग धरितें. रानांत कुंभा दिसला म्हणजे आगीनंतर व पुरानंतर पुनः पेरणी करणाऱ्या त्या देवाच्या माळ्याची आपणांस आठवण व्हावी, आणि आपल्या घरांत या वर्षाचें बीं पेरलें गेलें आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें प्रभूपुढें तपासून पाहावें.