जीवदयेचे धुरंधर शेठ मोतीशा

सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ, ही शिकवण जैन समाजाला परंपरेने लाभलेली आहे. परंतु मुक्या प्राण्यास न मारणे एवढ्यानेच अभयदान पूर्ण होत नाही. पाय मोडलेला घोडा, खांदा आलेला बैल, रस्त्यावर जखमी होऊन पडलेले कुत्रे यांना मृत्यूपासून वाचविल्यावर त्यांचा उरलेला जन्म कोणी सांभाळावयाचा, हा खरा प्रश्न आहे. मुंबई नगरीत या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी स्वतःच्या थैलीचे तोंड मोकळे करून दिले, त्यांत शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ शेठ मोतीशा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

मोतीशांचा जन्म इ.स. १७८२ मधील. त्यांचे पिताश्री अमीचंद हे खंभातहून मुंबईस आलेले व्यापारी. मुंबई त्या काळी बंदर म्हणून वाढत होती आणि चीनशी होणाऱ्या व्यापारातून मोठमोठ्या पेढ्या उदयास येत होत्या. मोतीशांनी याच व्यापारात नाव व धन मिळविले. पारशी गृहस्थ जमशेटजी जीजीभाई, गोव्याचे ख्रिस्ती व्यापारी रोजेरिओ द फारिया आणि कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे हे त्यांचे व्यवहारातील सहकारी. चार धर्मांची माणसे एका व्यवहारात एकमेकांवर विश्वास टाकून उभी होती, ही गोष्ट आजही विचार करावयास लावणारी आहे. त्या काळच्या चीनच्या व्यापारात कापसाबरोबर अफूचाही मोठा वाटा होता, हे इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी सांगितलेच पाहिजे. मात्र मिळविलेल्या संपत्तीचा मोठा भाग या श्रेष्ठींनी धर्मकार्याकडे आणि जीवदयेकडे वळविला, हेही तितकेच खरे.

भायखळा येथील श्री आदीश्वर भगवानांचे देरासर हे त्यांचे पहिले मोठे स्मारक. संवत १८८५, म्हणजे इ.स. १८२८ मध्ये ते उभे राहिले. ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य होत नाही असे मुंबईचे भाविक कार्तिकी व चैत्री पौर्णिमेस येथे येऊन शत्रुंजयाची भावयात्रा करतात. देरासराजवळचा रस्ता मोतीशांच्याच नावाने ओळखला जातो.

इ.स. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत एक मोठी खळबळ माजली. बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे इनाम मिळे. इनामाच्या लोभाने पाळलेल्या कुत्र्यांवरही हात पडू लागला. पारशी धर्मात कुत्र्यास पवित्र स्थान असल्याने पारशी समाज प्रथम प्रक्षुब्ध झाला. हिंदू व जैन व्यापारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दुकाने बंद झाली, दंगा झाला, लष्कर बोलवावे लागले. दंगा शमला, परंतु बेवारशी जनावरांचे करावयाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर व्यापारी वर्गाने दोन वर्षांत दिले. इ.स. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरानजीक मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. पांजरपोळीची प्रथा गुजरातेत जुनीच होती. सुरतेची अशी संस्था तर युरोपीय प्रवाशांनीही पाहून नोंदविली होती. मोतीशांनी स्वतः भरघोस देणगी दिलीच, शिवाय खर्च कायम चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लाग देण्याची पद्धत अवलंबिली. एकदाच दिलेले दान संपून जाते, पण रोजच्या व्यवहारातून निघणारा लहानसा वाटा संस्थेला पिढ्यान् पिढ्या जगवितो. व्यापाऱ्याची बुद्धी धर्मकार्यात कशी लावावी, याचा हा उत्तम नमुना होय.

शत्रुंजयावरील कार्य तर सर्वश्रुत आहे. दोन शिखरांमधील कुंतासर नावाची खोल दरी भरून काढून मोतीशांनी तेथे भव्य टूंक उभारण्यास आरंभ केला. परंतु प्रतिष्ठेचा सोहळा पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. इ.स. १८३६ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि पुढील वर्षी, संवत १८९३ मध्ये, त्यांचे सुपुत्र खीमचंद यांनी प्रतिष्ठा महोत्सव पार पाडला.

मोतीशांच्या काळी पांजरपोळीचे मुख्य कार्य आसरा व चारा देणे हे होते. उपचाराचे शास्त्र मुंबईत पुढे आले. इ.स. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी घोड्यांच्या ट्रामगाड्याही सुरू झाल्या आणि श्रमाने झिजणाऱ्या घोड्यांची संख्या वाढली. पुढे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावे परळ येथे जनावरांच्या रुग्णालयास देणगी दिली, आणि इ.स. १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विदर्भात नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इ.स. १९५८ पासून कार्यरत आहे.

आज हे शास्त्र आणखी पुढे गेले आहे. माणसाप्रमाणेच कुत्र्यास व घोड्यास शस्त्रक्रियेनंतर मालीश, शेक, सांध्यांचा व्यायाम, पाण्यातील चालणे असे उपचार दिले जातात. घोड्याचा एक पाय निकामी झाला की सारा भार इतर पायांवर पडून त्यांचे खूरही बिघडतात. म्हणून त्याला वेळीच आधार द्यावा लागतो. बसलेला बैल एकाच कुशीवर तासन् तास राहिला तर अंगाखालचे स्नायू दबून मरतात व तो पुन्हा उठत नाही. त्याला मऊ गवताची अंथरी देणे, दर काही तासांनी कूस बदलणे, पाय चोळणे आणि झोळीच्या आधाराने उभे करणे, ही कामे यंत्राविना होऊ शकतात. अर्जुनी मोरगाव परिसरात धानाच्या चिखलणीत राबणाऱ्या बैलांना या सेवेची गरज वेगळी सांगावयास नको. पशुवैद्य येईपर्यंतचे हे तास फार मोलाचे असतात.

मोतीशांनी जनावरास जगण्याचा हक्क मिळवून दिला. त्याला वेदनेविना, स्वतःच्या पायांवर जगता यावे, ही त्या कार्याची पुढची पायरी होय. भुलेश्वरची पांजरपोळ आजही गायींचा सांभाळ करीत उभी आहे. चाऱ्यासाठी दान देणारे हात समाजात पुष्कळ आहेत. त्यांतील काही हात औषधोपचार व सेवेकडे वळले, तर तीच या जीवदयाप्रेमी श्रेष्ठींना खरी आदरांजली ठरेल.