गिरणगावातील माता आणि डॉ. लुसी विल्स

गर्भारपणात आरोग्य केंद्रातून मिळणारी लाल गोळी नाशिक शहरापासून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत घरोघरी ओळखीची आहे. तिच्यात लोहासोबत फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व असते. या जीवनसत्त्वाचा पहिला माग लागला तो मुंबईत आणि तो काढला डॉ. लुसी विल्स या इंग्रज संशोधिकेने.

लुसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे त्यांनी परिचारिकेचे काम केले आणि मायदेशी परतल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मात्र, स्वतःचा दवाखाना न थाटता त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील प्रयोगशाळेची वाट धरली.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास सुरू होता आणि त्याचे काम परळच्या हाफकिन संस्थेत चाले. कापड गिरण्यांत राबणाऱ्या अनेक गरोदर स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, पण संख्येने फार कमी असत. काही जणी त्यातच दगावत.

हा संसर्गाचा प्रकार असेल, असा संशय होता. विल्स यांनी जंतू शोधले, पण हाती काही लागले नाही. मग त्यांनी या स्त्रियांच्या ताटात काय असते, याची बारकाईने नोंद घेतली. भाजी, फळे, दूध, मांस यांचे प्रमाण जेमतेम होते. तसाच आहार प्राण्यांना देऊन पाहिला, तेव्हा माकडांमध्येही तोच रक्तक्षय दिसला. यीस्टचा अर्क दिल्यावर तो बरा झाला.

हा अर्क म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ले जाणारे मार्माइट. रुग्ण स्त्रियांना तो देताच काही दिवसांत भूक परतली आणि रक्त भरू लागले. त्या काळी रक्तक्षयावर यकृताचा महागडा अर्क दिला जाई. त्यापुढे हा उपाय अगदी स्वस्त होता. १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले जाऊ लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा करण्यात आला. लॅटिनमधील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळाले. पुढे भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले. विल्स १९४७ मध्ये निवृत्त झाल्या आणि १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. गर्भधारणेपूर्वीपासून घेतलेले फॉलिक ॲसिड बाळाच्या मेंदू व मणक्यातील गंभीर व्यंग टाळू शकते, हे १९९१ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले. ते पाहायला विल्स नव्हत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. तरीही गोळीने बाळ फार मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, या धास्तीने काही जणी ती बंद करतात. लोह आणि फॉलिक ॲसिडमध्ये उष्मांक नसतात. आईचे वजन वाढते ते जेवणाने आणि गर्भाच्या वाढीने, गोळीने नव्हे. म्हणूनच गोळी जेवणाची जागाही घेऊ शकत नाही. डाळी, उसळी, पालेभाज्या ताटात हव्यातच.

चहा-कॉफीची वेळही पाळावी. त्यांतील टॅनिनसारखे घटक लोह शोषू देत नाहीत, म्हणून गोळी किंवा जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे. कॅफिनही बेतानेच घ्यावे. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जास्त कॅफिनचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे.