गोलरक्षक टोनी टुरेक

टोनी टुरेक याचा जन्म ता. १८ जानेवारी १९१९ रोजीं जर्मनींतील ड्युइसबर्ग शहरीं झाला. ऐन उमेदीचीं वर्षें महायुद्धानें गिळलीं. देशाच्या संघांत त्याला स्थान मिळालें तें १९५० सालीं, वयाला ३१ वर्षें उलटल्यावर!

ता. ४ जुलै १९५४ रोजीं बर्न येथें विश्वचषकाचा अंतिम सामना बलाढ्य हंगेरीशीं झाला. आठ मिनिटांतच जर्मनीवर दोन गोल झाले. त्यांतील दुसरा तर टुरेकच्या हातून चेंडू निसटल्यामुळें त्सिबोरनें केला. एवढ्यानें एखादा खचलाच असता. परंतु टुरेकचें चित्त ढळलें नाहीं. हिदेगकुटीचे जबर फटके त्यानें अडविले. जर्मनीनें ३-२ अशी आघाडी घेतल्यावर अगदीं शेवटीं चेंडू पुन्हां त्सिबोरच्याच पायीं आला. त्याचा तो जोरकस फटका टुरेकनें परतविला.

देशासाठीं तो अवघे २० सामने खेळला. १९८४ सालीं तो निवर्तला.