मोल्सवर्थचा मोलेसर झाला, आणि नाव लक्षात राहिलं!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुन्नर-आंबेगावकडची पोरं मला हमखास विचारतात, इंग्रजी शब्द पाठ करतो पण ऐन इंटरव्ह्यूत आठवत नाहीत, काय करू? त्यांना मी एका इंग्रजाची गोष्ट सांगतो. त्याची अडचण नेमकी उलटी होती, त्याला मराठी शिकायची होती.

जेम्स मोल्सवर्थचा जन्म १७९५ चा. कोवळ्या वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भारतात आला. तेव्हा मराठीचा पुरेसा मोठा शब्दकोश नव्हता. मग सोलापूरला असताना त्याने स्वतःच शब्द टिपायला घेतले. कँडी हे जुळे भाऊ आणि मराठी पंडित यांच्या मदतीने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून आला. तब्येत ढासळल्याने १८३६ मध्ये तो मायदेशी गेला. पण काम सुटलं नाही. १८५१ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, तो परत आला आणि १८५७ मध्ये सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती काढली. १८७१ मध्ये तो वारला.

आता गंमत बघा. लोकांनी त्याचं नाव करून टाकलं मोलेसरशास्त्री! परकं नाव ओळखीच्या आवाजाला अडकवलं की ते विसरत नाही. शब्द लक्षात ठेवायची युक्ती हीच.

तुम्ही तीन प्रकारे करून बघा:

१. नातं शोधा. डोअर आणि द्वार, नेम आणि नाम, डेंटल आणि दंत ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. मंगूस तर आपल्या मुंगसावरूनच इंग्रजीत गेला.

२. चित्र जोडा. कॅमफ्लाज म्हणजे उसात लपलेला बिबट्या. सबमर्ज म्हणजे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं जुनं आंबेगाव.

३. उजळणी करा. फ्लॅशकार्ड ॲपमध्ये शब्दासोबत तुमचं चित्रही लिहा. आज, तीन दिवसांनी, मग आठवड्याने बघा.

मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या वेबसाइटवर फुकट आहे. घरात रोज बोलता तो एखादा शब्द मोबाईलवर टाका आणि त्याची इंग्रजी जोडी वाचा. मराठीत शिकलो म्हणून मागे पडलो, असं वाटून घेऊ नका. तुमच्याकडे असलेला प्रत्येक मराठी शब्द म्हणजे नवा इंग्रजी शब्द टांगायची खुंटी आहे.