घोडीपासून नवजात बाळापर्यंत

सातव्या महिन्याआधीच जन्मलेल्या, किलोभरही वजन नसलेल्या बाळाचा रक्तदाब दंडाला पट्टा बांधून अचूक मिळेलच असे नाही. म्हणून नाळेतील धमनीतून बारीक नळी आत सरकवून तो थेट मोजतात. धमनीत नळी घालून दाब मोजण्याची मूळ कल्पना एका पाद्रीची आहे.

स्टीफन हेल्स यांचा जन्म १६७७ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. केंब्रिजला शिकून १७०९ मध्ये ते लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी धर्मगुरू म्हणून आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. शरीरात रक्त फिरते हे हार्वे यांनी १६२८ मध्येच दाखवले होते. पण ते किती जोराने फिरते, हे कोणी मोजले नव्हते.

हेल्स यांनी कामातून गेलेली, मारायचीच ठरलेली एक घोडी घेतली. तिला जिवंतपणी उताणे बांधून मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला नऊ फूट लांबीची उभी काचेची नळी जोडली. भुलीचे औषध यायला अजून शतकाहून अधिक काळ होता. वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. रक्त नळीत ८ फूट ३ इंच चढले आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला खालीवर होऊ लागले. पुढच्या प्रयोगांत सांधा लवचिक राहावा म्हणून, रबरी नळ्या नसल्याने, त्यांनी हंसाची श्वासनलिका वापरली.

मग त्यांनी घोडीचे रक्त मोजून मोजून काढले आणि दर वेळी नळीतील उंची टिपली. उंची घटत गेली, पण काढलेल्या रक्ताच्या प्रमाणात नव्हे; मधेच ती पुन्हा वरही जाई. दाब आणि शरीरातले रक्त यांचा हिशेब सरळ जुळत नाही, हे त्या तक्त्यातून दिसले. १७३३ मध्ये हे सारे पुस्तकरूपाने आले.

शेजारच्या गावात राहणारे कवी अलेक्झांडर पोप हे त्यांचे स्नेही. त्यांना हेल्स आवडत, हे प्रयोग मात्र मुळीच नाही. हेल्स यांनी पुढे जहाजे आणि तुरुंगांत ताजी हवा खेळवणारी यंत्रे केली, दारूविरुद्ध लिहिले. १७६१ मध्ये ते वारले.

घोडीचे ते ८ फूट म्हणजे पाऱ्याच्या मापात सुमारे १९० मिलिमीटर. २६ आठवड्यांच्या बाळाचा सरासरी दाब निदान २६ असावा, म्हणजे जितके आठवडे तितका, असा डॉक्टरांचा ढोबळ ठोकताळा आहे. हेल्स यांच्या नळीत हे रक्त जेमतेम फूटभर चढले असते. अशा बाळात किलोमागे ८०-९० मिलिलिटर रक्त असते. तपासणीसाठी काढायचे थेंबही मोजावे लागतात.

पण आकडा त्याखाली गेला की लगेच औषध द्यायचे का, यावर नवजात तज्ज्ञांत अजून एकमत नाही. दाब वाढवणारी काही औषधे रक्तवाहिन्या आवळतात. आकडा सुधारतो, मेंदूपर्यंत रक्त अधिक पोचतेच असे नाही. म्हणून बाळाला लघवी होते का, त्वचेचा रंग कसा आहे, रक्तातील लॅक्टेट किती, हेही पाहिले जाते. हे सगळे ठीक असेल, तर आकडा थोडा कमी असूनही अनेक डॉक्टर औषध न देता बाळावर नुसती नजर ठेवतात.